तिन्ही गाड्यांना एकच खोड

तीन मोटरसायकली आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी गेली. दोरी सोडल्याशिवाय त्यांच्या उंच काचा आत येईनात. ओले कपडे खुर्च्यांवर पसरले, त्यातली एक खुर्ची सासऱ्यांची होती, त्यामुळे सकाळपासून घरात दोघांचे चेहरे उतरलेले होते.

माझा नवरा मोटरसायकलींच्या एका मासिकात लिहितो. कंपन्या गाड्या पाठवतात, हा आठवडाभर त्या पिदडतो आणि मग कोणती बरी, कोणती वाईट, ते चार पानांत सांगतो. लोक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गाड्या घेतात. घरासाठी पंखा कुठला घ्यावा हे मात्र त्याला ठरवता येत नाही. ते मी ठरवते.

या खेपेची तुलना मोठ्या, उंच, लांब पल्ल्याच्या गाड्यांची होती. चांगल्या रस्त्यावर वाऱ्यासारखं पळायचं आणि रस्ता संपला की दगडधोंड्यांतूनही जायचं, अशी दोन्हीकडची हौस असलेल्या गाड्या. त्यांची सीट माझ्या कमरेच्या वर येते. आडवी झाली तर उचलायला शेजारपाजार गोळा करावा लागतो.

माझं स्वतःचं काम सीटचंच आहे. अंगणाला लागून माझं दुकान, म्हणजे एक खोली. त्यात शिलाई मशीन, फोमचे ठोकळे, रेक्झिनची भेंडोळी आणि कायमचा मुरलेला गोंदाचा वास. फाटलेल्या, दबलेल्या, मांजरांनी ओरबाडलेल्या सीट लोक घेऊन येतात आणि मी त्या नव्या करून देते. नवराही पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणूनच आला होता. सीट एकदाच फाटली होती, शिवायला तो तीनदा आला.

गाड्यांना नावं ठेवण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. या तिघांची नावं मी अंगणातच ठेवून टाकली. पहिली रुंद, जड, इंजिन दोन्ही बाजूंना कोपरं काढून बसलेलं. जागचं हलताना कुरकुर करणार, पण एकदा निघाली की कशानेही विचलित होणार नाही. ते थोरले दीर. दुसरी सडपातळ आणि उंच, हात लावायच्या आत पळायला तयार, गर्दीत हळू चालवली की आचके देऊन राग दाखवणारी. ती धाकटी नणंद. तिसरी देखणी, सगळं बटणांवर, हँडल गरम होतं, सीट गरम होते, आणि समोरच्या पडद्यावर सारखं काही ना काही विचारत राहते. तो जावई.

"जावयाला जपून चालव हो," मी म्हणाले. "ओरखडा गेला तर आपलंच नाक कापलं जाईल."

नवरा हसला, पण नेहमीसारखा नाही. नेहमी तो अशा वेळी माझी नावं खिशातल्या कागदावर टिपून घेतो आणि लेखात चोरून वापरतो.

आता मला त्या चौकटीबद्दल सांगायला हवं. त्याच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक चौकट असते, 'मागच्या सीटवरून' अशी. ती चौकट माझी होती. लिहायचा तो, पण सांगायचे मी. आलेल्या प्रत्येक गाडीवर मी मागे बसून हिंडले आहे. हेल्मेट आणि वारा यांच्यामुळे चालत्या गाडीवर बोलता येत नाही, म्हणून आमची एक भाषा ठरली होती. पाठीवर एकदा टकटक केलं की हळू चालव. दोनदा केलं की थांब, चहा पिऊ. आणि पूर्ण तळवा पाठीवर टेकवला की सगळं ठीक आहे, चालू दे. तो म्हणायचा, अख्ख्या परीक्षेत मी त्या तळव्याची वाट बघत असतो. काही गाड्यांना तो कधी मिळालाच नाही, आणि आपले गुण कशात गेले ते त्या कंपन्यांना आजवर कळलेलं नाही.

मग माझा उजवा खुबा कामातून गेला. आधी जिन्याला नको म्हणायला लागला, मग खुर्चीतून उठायला, शेवटी बदलून घ्यावा लागला. शस्त्रक्रिया चांगली झाली. आता मी चालते, मशीन चालवते, सासऱ्यांशी भांडताना तासभर उभी राहू शकते. पण ती चौकट मासिकाच्या फोटोग्राफरकडे गेली. त्याला झाडून सगळ्या गाड्या आरामदायी वाटतात.

मध्यंतरी डॉक्टरांनी शेवटचं तपासलं तेव्हा नवरा परस्पर कामावरून तिथे आला होता. त्याच्या हातातलं हेल्मेट बघून डॉक्टर आपण होऊन म्हणाले, "आता मागे बसायला काही हरकत नाही. चढता-उतरताना तेवढं जपा." आम्ही दोघांनीही मान डोलावली. बाहेर आल्यावर तिथल्या पार्किंगच्या गैरसोयीवर खूप बोललो. मग तो मोटरसायकलवरून घरी आला आणि मी टॅक्सीने. त्यानंतर हा विषय कुणीच काढला नाही.

मी का काढला नाही, ते स्पष्ट सांगते. मला पडायची भीती नव्हती. माझ्या आजारपणात तो पहिल्यांदाच एकटा हिंडायला लागला, आणि परत यायचा तेव्हा मला तो तरुण दिसायचा. केस विस्कटलेले, डोळे तरतरीत. मला वाटलं, पाठीवरचं ओझं उतरल्यावर माणूस असाच दिसत असेल. आता मी "मला ने" म्हटलं असतं तर तो "चल" म्हणाला असता, यात शंकाच नाही. पण ते 'चल' दयेपोटीचं असेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दया मला कुणाची सोसत नाही, नवऱ्याची तर मुळीच नाही. आणि त्याच्यामागे बसण्याची मला इतकी आठवण यायची की फोम कापता कापता हात थांबायचे.

परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी तो एकेक गाडी घेऊन जायचा. आधी बराच वेळ गाडीशी काहीतरी खुडबुड करत बसायचा. मग उठून दुकानाच्या दारात यायचा, आत बघायचा. मी मशीनवरून मान वर करून म्हणायचे, "सावकाश जा." तो "बरं" म्हणायचा आणि जायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. कुणी घातला ते माहीत नाही, पण घालताना त्याचं मन थाऱ्यावर नसावं. दुकानाच्या दारातून तो नीट दिसतो. थोरले दीर त्यावरून गेले आणि त्यांची मागची बाजू अशी उसळली की नवरा सीटवरून वीतभर वर गेला. दुसऱ्या दिवशी धाकट्या नणंदेने तेच केलं. तिच्याकडून ते अपेक्षितच होतं. पण तिसऱ्या दिवशी जावईही तसाच उधळला, तेव्हा मी मशीन थांबवून बघत राहिले.

सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते. उभा जन्म त्यांनी बस चालवली आहे, त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्यांचं मत असतं.

"रिकामी बस अशीच उडते," ते म्हणाले. "डेपोतून काढली की पहिल्या थांब्यापर्यंत दात वाजायचे. माणसं भरली की शहाण्यासारखी चालायला लागायची."

"बाबा, ती बस नाही."

"स्प्रिंगला कुठे कळतंय?" असं म्हणून त्यांनी पेपर वर केला.

नवरा परत यायचा तो वैतागून. थोरल्यांवर एवढा भरवसा होता, पण खराब रस्त्यावर मागून लाथा मारतात. नणंद वळणात पुढून हलकी पडते, हँडलला रस्ता कळत नाही. जावयाच्या पडद्यावर जगाची माहिती आहे, पण खड्ड्याची नाही. आणि तिघांच्याही काचेवरून वारा वळसा घालून मागून पाठीत शिरतो. जेवताना तो हे सगळं सांगायचा आणि मी ऐकायचे. पूर्वी अशा वेळी मी मध्ये बोलायचे, आम्ही वाद घालायचो. आता मी न बसलेल्या गाडीबद्दल काय बोलणार? "आणखी वाढू का?" एवढंच विचारायचे.

त्या आठवड्याच्या अखेरीला संपादकबाईंचा फोन आला, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. बाई मोजकं बोलणाऱ्या आहेत.

"कच्चा लेख वाचला," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. का हो?"

"तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, तिन्ही नावाजलेल्या, आणि तिन्हींना एकच खोड कशी? मागून उसळते, पुढून हलकी पडते. इतकी वर्षं मी याचं लिखाण वाचते आहे. हा माणूस गाडीवर रागावत नाही कधी. आणि ती चौकट रिकामी ठेवलीय. फोटोग्राफरला पाठवू का म्हटलं, तर नको म्हणाला. खाली लिहिलंय, हा भाग बाकी आहे."

"मी बघते," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर आधी मला रागच आला. बाकी आहे म्हणजे काय? कुणासाठी बाकी आहे? मग मनात आलं, सीटच वाईट असेल आणि हा उगाच स्प्रिंगला बोल लावत असेल. सीट तरी मला कळते. टेप घेऊन मी अंगणात गेले. नवरा वरच्या खोलीत लिहीत बसला होता.

जावयाच्या सीटवर हात दाबून बघितला. फोम उत्तम होता, शिवण माझ्यापेक्षा सरळ. मग गाडीला तशीच राहिलेली किल्ली फिरवली, कारण गरम सीट म्हणजे काय प्रकार आहे ते मला बघायचंच होतं. पडदा उजळला, आपली सगळी माहिती सांगू लागला, आणि एका कोपऱ्यात मला एक छोटं चित्र दिसलं. एकापुढे एक अशी दोन हेल्मेटं.

हे चित्र मला ओळखीचं आहे. अशा गाड्यांना सांगावं लागतं, आज किती माणसं बसणार. एक हेल्मेट म्हणजे एकटा. दोन हेल्मेटं म्हणजे जोडी. जोडी सांगितली की गाडी मागची स्प्रिंग ताणून घेते, म्हणजे दोघांच्या वजनाने शेपूट खाली बसत नाही. पण जोडी सांगायची आणि एकट्याने जायचं, तर ती ताणलेली स्प्रिंग त्या एकट्याला उडवणारच. गाडी आपल्या परीने मागच्या माणसाची वाट बघत असते.

मला वाटलं, कंपनीकडून तशीच आली असेल. थोरल्यांची किल्लीही फिरवून बघितली. दोन हेल्मेटं. नणंदेकडे पडदा साधा आहे, तिची स्प्रिंग हाताने ताणायची, सीटखाली काळा गोल खटका असतो. तो मी चाचपला. शेवटपर्यंत घट्ट आवळलेला होता. तो खटका नवराच फिरवायचा, मी चढायच्या आधी, खाली बसून. माझं वजन वाढलं की एक घर जास्त फिरवायचा आणि मला सांगायचा नाही. मला ते कळायचं, मीही सांगायचे नाही.

मी तिथेच उभी राहिले. मग दुकानात गेले, माझं हेल्मेट घ्यायला. काय करणार होते ते माझं मलाही नक्की ठाऊक नव्हतं, बहुतेक ते घालून त्याच्यासमोर जाऊन उभी राहणार होते. मशीनमागच्या खुंटीला ते असतं. खुंटी रिकामी होती. तिच्याकडे मी किती दिवसांत बघितलंच नव्हतं.

परत अंगणात येऊन मी थोरल्यांच्या मागची पेटी उघडली. हेल्मेट त्यात होतं. आतलं अस्तर धुतलेलं, काच पुसलेली, शेजारी घडी करून माझं जाकीट.

पेटीचं झाकण वाजलेलं ऐकून नवरा खाली आला. मी पेटी उघडी टाकून पडद्यासमोर उभी होते.

"हे दोघं कोण?" मी चित्रावर बोट ठेवून विचारलं.

तो बघत राहिला. "कंपनीकडून तसंच आलं असेल."

"तिन्ही कंपन्यांकडून?"

तो पडद्यावरची धूळ बोटाने पुसू लागला.

"आणि नणंदेचा खटका कुणी आवळला? बाबांनी?"

"मला मध्ये घेऊ नका," सासरे दारातल्या खुर्चीवरून, पेपरामागून म्हणाले.

नवरा पायरीवर बसला. हाताची बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. "रोज सकाळी वाटायचं, आज विचारीन," तो म्हणाला. "म्हणून दोघांचं लावून ठेवायचो. हेल्मेट ज्या गाडीवर जायचं तिच्या पेटीत टाकायचो. मग दारात यायचो, तर तू म्हणायचीस, सावकाश जा."

"मग? सावकाश जा म्हटलं तर काय बिघडलं?"

"सावकाश जा म्हणणारं माणूस बरोबर येत नसतं ना."

मी पेटीचं झाकण लावलं, परत उघडलं.

"मग निघताना परत एकट्याचं करून घ्यायचं," मी म्हणाले. "बिचाऱ्या गाड्यांची बदनामी कशाला?"

"करायला जायचो. पण हात व्हायचा नाही. वाटायचं, ते एक हेल्मेट केलं म्हणजे आपणच ठरवून टाकलं. म्हटलं, बसू दे धक्के."

"तीन गाड्यांना शिव्या घातल्यास तू. लोक तुझं वाचून गाड्या घेतात."

"म्हणून तर लेख पुरा होत नाही."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पायरी बुटकी आहे, खुब्याने तक्रार केली, मी लक्ष दिलं नाही. "मला वाटलं, तुला एकट्याने बरं वाटतं," मी म्हणाले. "तू परत यायचास ना, तेव्हा चांगला दिसायचास."

"घरी आलेलो असायचो," तो म्हणाला. "म्हणून दिसत असेन." मग म्हणाला, "एकट्याने पाठ गार पडते गं. मागून वारा येतो, मध्ये कुणी नसतं. काचेचा दोष म्हणून लिहिलंय तेही."

मला रडू आलं, आणि हसूही आलं. तो काचेचा परिच्छेद मी जेवताना तीन वेळा ऐकला होता.

"मला चढता येईल का, माहीत नाही," मी म्हणाले. "पाय एवढ्या उंचावरून फिरणार नाही. तुला गाडी तोलून धरावी लागेल, लोक बघतील."

"बघू देत."

"दया म्हणून नेणार असलास तर सांग आत्ताच."

"दया?" तो म्हणाला. "आठवडाभर पेकाट मोडून घेतलंय मी. दया माझी करायला हवी."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. उठून दुकानात गेले आणि माझं लाकडी स्टूल घेऊन आले, ज्यावर उभी राहून मी वरच्या फळीवरची भेंडोळी काढते ते. "आधी ड्रायव्हर बसू दे," ते म्हणाले. "गाडी सरळ धरू दे. मग पॅसेंजर. आणि कुणीही घाई करायची नाही."

सुरुवात थोरल्यांपासून करायची ठरली, त्यांचाच काय तो भरवसा. नवरा बसला, दोन्ही पाय जमिनीवर रोवून गाडी सरळ धरली. इतकी वर्षं मी डाव्या बाजूने चढत आले, पण तसं केलं तर उजवा पाय वरून फिरवावा लागणार. म्हणून स्टूल उजवीकडे ठेवलं, म्हणजे नवा खुबा खाली टेकू देईल आणि जुना, बरा पाय वरून जाईल. स्टुलावर चढले. नवऱ्याच्या खांद्यांवर हात ठेवले. पाय उचलला, तो सीटच्या काठाला अडला. परत खाली घेतला. शेजारची बाई गॅलरीत येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली.

"सावकाश," नवरा म्हणाला, आणि लगेच गप्प बसला.

दुसऱ्यांदा मी पाठीतून जरा वाकले आणि पाय गेला. थोरले जरासे खाली बसले, मग स्थिरावले. सासऱ्यांनी स्टूल बाजूला घेतलं.

गल्लीतून आम्ही चालण्याच्या वेगाने निघालो. तो स्पीडब्रेकर जवळ आला तशी माझी बोटं नवऱ्याच्या जाकिटात रुतली. त्याची पाठही ताठ झाली, आठवडाभराची सवय. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, आणि थोरल्यांनी नुसतं एकदा गुडघे वाकवल्यासारखं केलं आणि आम्हाला अलगद पलीकडे नेऊन ठेवलं. उसळणं नाही, लाथ नाही. मागे सासरे काहीतरी बोलले. काय ते ऐकू आलं नाही, पण मला अंदाज आहे.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने वेग वाढवला. तो लांबचा वळणाचा रस्ता, एका बाजूला गोदामांच्या भिंती, दुसरीकडे मोकळं मैदान. वळणात गाडी कलली, तिच्याबरोबर तो कलला, त्याच्याबरोबर मी. माझ्या अंगाला ते सगळं अजून पाठ होतं. मी खूप वेळ काहीच केलं नाही. तो वाट बघतोय हे त्याच्या मानेवरून कळत होतं. मग मी उजवा हात सोडवला आणि पूर्ण तळवा त्याच्या पाठीवर ठेवला. त्याने हँडलवरून एक हात काढून मागे आणला, माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि मी लगेच एकदा टकटक केलं, कारण दोन्ही हातांनी चालवावं हे मी त्याला लग्नाआधीपासून सांगते आहे.

परत आलो तेव्हा सासरे स्टूल घेऊन तयारच होते. उतरणं चढण्यापेक्षा अवघड निघालं, पण झालं. नवऱ्याने हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, डोळे तरतरीत. त्याने खिशातून कागद काढला, पेन काढलं.

"सांग," तो म्हणाला. "मागच्या सीटवरून."

"एका गाडीवर बसून कुणी तुलना करतं का?" मी म्हणाले. "उरलेल्या दोघांवर बसल्याशिवाय मी एक शब्द सांगणार नाही."

त्याने कागद परत खिशात ठेवला. मग सासऱ्यांच्या हातून स्टूल घेतलं आणि धाकट्या नणंदेच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं.